सेरामपूरला जाण्याआधी

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र मिळाले. त्याआधी तुझ्या पप्पांचा फोनही येऊन गेला. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पाळक होण्यासाठी पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, शिकले तरी बीडीची (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवी बंगालमधल्या सेरामपूरच्याच सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची, मिळते, मग पोरीला हावड्याच्या पलीकडे कशाला धाडायचे? नुसती पदवी हवी असेल तर एवढ्या लांब जाऊ नकोस, असे मी त्यांना सांगितले आणि तुलाही सांगतो. पुण्यात शिक्षक चांगले आहेत, घर जवळ आहे, रविवारी मराठी मंडळीत (चर्चमध्ये) काम मिळते. तरीसुद्धा तू सेरामपूरला जावेस असे मला मनापासून वाटते, आणि त्यामागचे कारण पप्पांना फोनवर नीट सांगता आले नाही म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्याकडच्या बहुतेक सेमिनरींच्या आवारात सगळे सेवेसाठीच आलेले असतात. जेवताना तीच चर्चा, संध्याकाळी तीच प्रार्थना, मित्र-मैत्रिणी सगळे होऊ घातलेले पाळक. सेरामपूरच्या कॉलेजात थिऑलॉजीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा, विभाग आहे, आणि त्याच कॉलेजात कलकत्ता विद्यापीठाच्या कला, विज्ञान, वाणिज्य शाखांचे वर्गही भरतात. तिथे येणारी मुले बहुतेक बंगाली घरांतली, हिंदू, मुसलमान. पाचारण (देवाने सेवेला बोलावणे), तारण (पापातून सुटका), अभिषेक हे तुझे रोजचे शब्द या अर्थाने त्यांच्या कानांवरून कधी गेलेले नसतात. तू त्यांच्यासोबत एकाच फाटकातून आत जाशील.

ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. कॉलेज उभारले ते विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या बॅप्टिस्ट पंथाच्या तीन मिशनऱ्यांनी. पहिला मूळचा चांभारकाम करणारा, दुसरा शाळामास्तर, तिसरा छापखान्यातला. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून १८०० मध्ये त्यांनी हुगळीकाठच्या या डॅनिश वसाहतीत बिऱ्हाड थाटले. पगार, छापखान्याची मिळकत, शाळेची फी, सगळे एका सामाईक पेटीत जाई. जोशुआंच्या पत्नी हॅना मार्शमन यांची शाळा त्या पेटीला मोठा आधार होती, हे तू लक्षात ठेव, कारण इतिहासाच्या तासाला तुला तीन पुरुषांचीच नावे जास्त ऐकू येतील. १८१८ मध्ये कॉलेज सुरू झाले ते ३७ विद्यार्थ्यांवर, आणि त्यातले १९ ख्रिस्ती होते. म्हणजे जवळजवळ अर्धा वर्ग ख्रिस्ती नव्हता. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला. पुढे १८३३ च्या नियमांत जात, कातडीचा रंग, देश यांवरून कोणाचा प्रवेश अडवायचा नाही असे लिहून ठेवले. शिकवणारा ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा असला पाहिजे, शिकणाऱ्याला मात्र ती अट नाही. दोनशे वर्षांपूर्वी असा नियम करायला छाती लागते.

पाळक होणाऱ्याने पाळक न होणाऱ्यांच्या शेजारी बसून शिकायचे, ही त्या नियमातली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. का, ते तू आपल्या भागात वाढली आहेस म्हणून तुला लगेच कळेल. खेड्यातली आपली मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरे. बाकी सगळा गाव शेजारी. मातीला कोण कोण येते ते आठव. मागे एका आजींच्या मातीला आम्ही कबरस्तानात उभे होतो. पुढे आपली माणसे, बायबल, गीतांचे पुस्तक. मागे बाभळीच्या सावलीला गावातली माणसे, खांद्यावर टॉवेल, टोप्या हातात घेतलेल्या. प्रार्थना संपली, घरच्यांनी माती दिली, तसे त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ पुढे आले आणि हळूच म्हणाले, “पास्टरबाबा, आमीबी माती टाकली तर चालंल का? माझ्या आईची मैतरीण होती ती.” मी सरकून जागा दिली. त्यांनी आधी हात झटकले, मग वाकून दोन्ही मुठींनी माती घातली, आणि मागून सगळी रांग आली. त्या दिवशी मी जो संदेश दिला तो अर्ध्याहून अधिक अशा माणसांनी ऐकला. त्यांना पुनरुत्थानाबद्दल (मेलेले पुन्हा उठतील या विश्वासाबद्दल) काय सांगायचे, कोणत्या शब्दांत, किती, हे कोणत्याही पुस्तकात नसते. तू तुझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणींशीच बोलत राहिलीस तर ते तुला येणार नाही. केमिस्ट्रीच्या मुलीने तुला विचारले पाहिजे, “तू नेमकी काय शिकतेस गं?” आणि तिला पटेल असे चार वाक्यांत सांगताना तुझी धांदल उडाली पाहिजे. असे तुला पहिल्याच वर्षी विचारले जाईल, आणि त्याचसाठी मी तुला तिथे पाठवतो आहे.

आता मराठीचे. केरींनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापले, कोश १८१० मध्ये, आणि बायबलचा नवा करार १८११ मध्ये. हे सगळे सेरामपूरच्या छापखान्यात झाले. मोडी लिपीचे खिळे (छपाईचे टाइप) पाडून मराठी पुस्तके तिथे छापली गेली. आपल्या भाषेच्या छपाईच्या इतिहासात या गावाचे नाव पहिल्या पानांवर आहे. (स्टेशनवर पाटी ‘श्रीरामपूर’ अशी दिसेल, आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी गल्लत करून घरचे लोक पत्ते चुकवतील, तेव्हा पिनकोड ठळक लिहायला सांग.) केरींचे मराठी शिक्षक वैजनाथ पंडित. स्वतः केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. पण त्यांनी महाराष्ट्रात कधी पाऊल ठेवले नाही. एका हिंदू पंडिताच्या शेजारी बसून त्यांनी आपली भाषा मिळवली, हे फार मोठे. तरी तो नवा करार इकडच्या वाचकाला आपला वाटला नाही. मुंबईला १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी भाषांतर पुन्हा पहिल्यापासून हाती घेतले, आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. एवढा विद्वान माणूस, एवढी मेहनत, पण बाजारात, पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर बोललेले मराठी त्याच्या कानावर नव्हते.

म्हणून तुझ्याकडून मला दोन उलट दिशांची कामे हवी आहेत. ग्रीक आणि हिब्रू या बायबलच्या मूळ भाषा घासून शीक. ‘पास होण्यापुरते’ असे म्हणणारे सीनियर भेटतील, त्यांचे ऐकू नकोस. रोज रात्री दहा ओळी मूळ भाषेत वाच, कोश उघडून, हळू. प्राध्यापक इंग्रजीत शिकवतील, निबंध इंग्रजीत लिहावे लागतील. लिही. पण प्रत्येक निबंध संपला की त्यातला गाभा आईला फोनवर आपल्या बोलीत सांग. तिला कळले नाही तर तुलाच अजून कळलेले नाही असे समज आणि परत पुस्तक उघड. सुटीत आलीस की मंडळीच्या म्हाताऱ्यांकडे बस. जुनी भजने त्यांना पाठ आहेत, ती लिहून घे.

बंगालीही शीक. शनिवार-रविवारच्या सेवेला तुला बंगाली मंडळीत पाठवतील. तिथे तू पाहुणी असशील, भाषा तोडकी असेल, लहान मुले तुझे उच्चार सुधारतील. तशा अवस्थेत माणूस ऐकायला शिकतो. पहिले काही महिने प्रवचनाची संधी मिळाली नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आजाऱ्याच्या उशाशी बस, सतरंज्या घाल, संडे स्कूलच्या हजेऱ्या घे.

बाप्तिस्म्यावरून तुझ्या मनात गोंधळ आहे असे लिहितेस. सेरामपूर बॅप्टिस्टांनी उभारले. त्यांच्यात विश्वास कबूल केलेल्या माणसालाच, पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. तुझा तर पाळण्यात असताना झालेला. १९७० मध्ये वेगवेगळ्या पंथांची चर्चे एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली तेव्हा बॅप्टिस्टही त्यात सामील झाले आणि दोन्ही पद्धती मान्य केल्या गेल्या. वाद टाळू नकोस, पण जिंकण्यासाठीही घालू नकोस. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता येईपर्यंत ऐकून घे.

बाई पाळक म्हणून लोक स्वीकारतील का, हा तुझा शेवटचा प्रश्न. काही मंडळ्या स्वीकारतील, काही वेळ लावतील. काही ठिकाणी तुला चहा देतील आणि प्रार्थना दुसऱ्या कोणाला करायला सांगतील. मला हे लिहिताना वाईट वाटते, पण खोटा धीर देणार नाही. नियमाने दार उघडे आहे आणि मी असेपर्यंत ते कोणी लोटू पाहिले तर मी तिथे उभा असेन.

पैशांची काळजी करू नकोस, मंडळीच्या निधीतून दर सत्राला थोडी मदत होईल, मी खजिनदारांशी बोललो आहे. शिफारसपत्रासाठी मंडळीची कमिटी येत्या रविवारी उपासनेनंतर बसणार आहे. दहावी-बारावीचे आणि पदवीचे निकाल, बाप्तिस्म्याचा दाखला, दोन फोटो घेऊन ये. पप्पांनाही आण. त्यांना हे पत्र आधी वाचायला दे, आणि त्यांचे जे काही म्हणणे असेल ते त्यांनी माझ्यासमोर मोकळेपणाने बोलावे.

तुझा,
पास्टर काका