पेडल स्टील गिटारचा सोलो टॅबशिवाय, नुसत्या कानाने कसा बसवावा?

टॅब, म्हणजे कोणती तार कितव्या फ्रेटवर वाजवायची ते आकड्यांत लिहिलेला कागद, कुठेच मिळत नाही म्हणून तुमचा सोलो अडलाय. माझ्या मते मिळत नाही तेच बरं आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एका वादकाशी माझा यावरून चांगलाच खटका उडाला होता. सोलोतली एक जागा अशी: दोन तारा एकत्र वाजतात, वरचा स्वर जागचा हलत नाही आणि खालचा मींड घेत वर चढतो. त्याच्याकडच्या टॅबमध्ये बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) तिसऱ्या फ्रेटवरून पाचव्यावर नेलेला. मी म्हटलं, अरे, बार सरकला तर दोन्ही स्वर सरकतील. इथे एकच सरकतोय, म्हणजे हे पायाचं काम आहे, पेडल दाबून ठराविक तारांचाच सूर बदलायचा. त्याचं एकच पालुपद, "छापलेलं आहे ना!" शेवटी ई-नाइन या पेडल स्टीलच्या नेहमीच्या ट्यूनिंगवर बार तिसऱ्या फ्रेटवर ठेवला, चौथी आणि पाचवी तार छेडली आणि ए पेडल दाबलं. चौथीवरचा जी तसाच, पाचवीवरचा डी चढून ई झाला. रेकॉर्डिंगमध्ये हेच होतं. तर म्हणतो, "ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?" हे मला आजही सहन होत नाही. तो धरून ठेवलेला जी हाच त्या ओळीचा जीव आहे. बार सरकवला की त्याचा ए होतो आणि सगळी ओढच जाते.

तेव्हा कोणता स्वर हलतोय यापेक्षा कोणता हलत नाही ते आधी ऐका. ओळ गुणगुणता येत नसेल तर बारला हात लावू नका. मग जागा शोधा. सी मेजर कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर ए आणि बी पेडल दाबून मिळतो, आठव्यावर पेडलशिवाय मिळतो, अकराव्यावर ए पेडल आणि एफ लिव्हरने (लिव्हर म्हणजे गुडघ्याने ढकलायची, सूर बदलणारी दांडी) मिळतो. यातली कुठली जागा, हे आधीचा आणि नंतरचा स्वर ठरवतो.

सॉफ्टवेअरने वेग जरूर कमी करा. पूर्वी लोक टेप निम्म्या वेगाने लावायचे, तेव्हा सूर सप्तकभर खाली यायचा. आता ती अडचण नाही. मात्र मींड किती झपाट्याने चढते ते मूळ वेगातच ऐका. व्हॉल्यूम पेडलमुळे तार छेडल्याचा ठोका दबतो, त्यामुळे स्वर नेमका कधी सुरू झाला याबाबत कान फसतो.

हो, सोलो बिनपेडलच्या लॅप स्टीलवरचा असेल तर माझा नियम तसाच लागू होणार नाही. तिथे बार तिरका धरून किंवा बारच्या मागे तार ओढूनही एकच स्वर चढवतात. शिवाय पेडल स्टीलवरही लिव्हरची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते.

लिहून ठेवायचंच असेल तर पूर्ण सोलो रेकॉर्डिंगबरोबर वाजवता आल्यावर लिहा, आणि पेडल कुठे दाबलं, कुठे सोडलं तेही लिहा. नुसते फ्रेटचे आकडे असलेली टॅब मला कोणी फुकट दिली तरी नको.