तिकीट परवडतं हो ताई, पण आतलं जेवण?

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवरचे आहेत, थीम पार्कात लेकरांना घेऊन गेल्यावर जेवणाला किती पैसे जातात. आपल्याकडचे नांदेड, देगलूर, उदगीरवाले हैदराबाद गाठतात कारण त्यांना मुंबईपेक्षा ते जवळ, आणि जालना-संभाजीनगरकडची मंडळी शिर्डीचं वॉटर पार्क नाहीतर थेट खोपोलीचं इमॅजिका. पार्क कुठलंही असू द्या, रडगाणं तेच. त्यातले चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं, सासू-सासरे, जाऊबाई आणि तीन लेकरं असे हैदराबादजवळच्या एका पार्कात गेलो होतो. मी पहाटे उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुकी भाजी असं सगळं केलं आणि गेटवरच्या माणसानं पिशवी उघडून बघितली अन् डबा बाहेर ठेवायला लावला. आत दोन थाळ्या, बिर्याणी, लेकरांना पिझ्झा आणि पाण्याच्या बाटल्या असं करता करता तीन हजाराच्या वर गेले. सासरे अजून बोलायलेत की एवढ्यात महिन्याचा किराणा आला असता. डबा नेऊ न देणं कायद्यात बसतं का? आणि लेकरं परत चला म्हणायलीत, तर काय करावं? – एक वाचक, देगलूर

उत्तर: कायद्याचं आधी सांगते म्हणजे विषय संपेल. 3 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं सिनेमागृहांच्या बाबतीत सांगितलं की जागा मालकाची आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही ते तो ठरवू शकतो, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यायला पाहिजे आणि तान्ह्या लेकराचं खाणं अडवायचं नाही. तो निकाल थेटरांचा, पार्कांचा नाही, पण पार्कवाले चालतात त्याच वाटेनं, त्यामुळं गेटवर भांडून उपयोग नाही, नुसता लेकरांचा मूड जातो.

आता महाग का असतं ते बघा. जत्रेत भजे महाग वाटले तर चार पावलांवर दुसरा गाडा असतो, म्हणून भाव आवाक्यात राहतो. पार्कात दुसरा गाडाच नाही, बाहेर जाऊन खाऊन येतो म्हणावं तर बहुतेक ठिकाणी एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत, आणि दुपारी एक वाजला की सगळं पार्क एकदम जेवायला येतं. त्या दीड-दोन तासांच्या गर्दीसाठी ठेवलेला स्वयंपाकी आणि वाढपी यांचा पगार पावसाळ्यातल्या रिकाम्या मंगळवारी पण द्यावा लागतो. हे सगळं तुमच्या थाळीत येतं. लूट आहे का, थोडी आहेच, पण हा भाव आतल्या काउंटरवर कमी होत नसतो, तो तुम्ही तिकीट काढता त्या दिवशी घरी बसूनच कमी करायचा असतो.

म्हणजे असं, की ऑनलाइन तिकीट काढताना बऱ्याच पार्कांचं तिकीट अधिक जेवण असं पॅकेज दिसतं, रामोजी फिल्म सिटीच्या पण काही पॅकेजात दुपारचं जेवण धरलेलं असतं. ते सगळ्यांसाठी डोळे झाकून घ्यायचं नाही. दाबून जेवणारे किती आणि नावाला जेवणारे किती ते मोजा. तुमच्या सासूबाई दीड पोळी आणि वरणभात खाऊन उठणाऱ्या असतील तर त्यांच्यासाठी बुफेचे पूर्ण पैसे भरणं म्हणजे वाया, आणि लेकरं तर बुफेत दोन गुलाबजाम आणि आइस्क्रीम खाऊन पळतात, ताटातला पुलाव तसाच. मोठ्या माणसांपैकी खाणाऱ्यांना पॅकेज घ्या, बाकीच्यांना आत एक बिर्याणी, एक डाळ-भात असं मागवून वाटून खा. आणि हो, लेकराचं तिकीट आपल्याकडं उंची मोजून ठरतं, पण म्हणून बुफेत पण हाफ रेट लागेल असं धरून चालू नका, बुकिंग करतानाच विचारा.

दशम्या करायचं मात्र सोडू नका. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहते, बरीच पार्कं उघडतात साडेदहा-अकराला, तर दहा वाजता पार्किंगमध्येच गाडीचं दार उघडं टाकून चटणी-दशमी पोटभर खाऊन घ्या, उरलेला डबा गाडीतच राहू द्या, परतीच्या रस्त्याला सात-आठ वाजता सगळ्यांना भूक लागते तेव्हा ढाब्याचे पैसे वाचतात. मधे राहिलं एकच जेवण. ते एक वाजता नको, रांगेतच पाऊण तास जातो. सकाळी नीट खाल्लेलं असलं तर अडीच-तीनपर्यंत निघतं. वॉटर पार्क असेल तर पाण्यातून निघालेलं लेकरू थरथरत भूक भूक करतं आणि आपण समोर दिसेल ते घेतो, पैसे जास्त तिथंच जातात, म्हणून पाण्यात उतरायच्या आधी काहीतरी पोटात पाहिजे.

अजून एक, शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी तिकीट बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडतं, वंडरला पार्कासारख्या ठिकाणी आधी बुकिंग केलं की आणि कॉलेजच्या आयडीवर पण सूट असते. तिथं वाचलेले पैसे जेवणाचे म्हणून वेगळ्या पाकिटात घाला आणि ते पाकीट सासऱ्यांच्याच हातात द्या. खर्च त्यांनीच केला की किराण्याचा विषय निघायचा नाही, हे माझं मत, करून बघा.

प्रश्न: पार्कातल्या स्टॉलवर सीलबंद पाण्याच्या बाटलीला छापील किमतीच्या दुप्पट पैसे घेतले. तक्रार करता येते का? – एक वाचक, परभणी

उत्तर: कुठं बसून घेतली त्यावर आहे. डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटवाले बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात कारण तिथं टेबल, पंखा, वाढणारा माणूस अशी सर्व्हिस पण असते. पण नुसत्या खिडकीतून बाटली हातात दिली, ना टेबल ना खुर्ची, तर ते दुकानच झालं आणि तिथं एमआरपी लागू होते असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. तीच बाटली बाहेर एका छापील किमतीची आणि आत जास्त छापलेली हा प्रकार पण 1 जानेवारी 2018 पासून बंद आहे. एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात, त्याच्यावर अजून जीएसटी लावला तर विचारा. पक्कं बिल घ्या, बाटलीचा फोटो काढा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा नाहीतर वैधमापन खात्याकडं, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडं जा. बिल नसेल तर काही होत नाही. आणि पिण्याच्या पाण्याचा कूलर कुठंय ते आत शिरल्या शिरल्या विचारून ठेवा, सहसा बाथरूमच्या बाजूला कोपऱ्यात असतो आणि पाटी काही मोठी लावत नाहीत.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत आहे, नातवंडांना सुट्टी लागली की आम्हाला दोघांना फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डला न्यायचं म्हणतोय. आम्ही शाकाहारी, मिस्टरांना शुगर. मुलगा म्हणतो आई जेवणाचं टेन्शन घेऊ नको, पण डॉलरचं रुपयात करून बघायची सवय जात नाही हो. – एक आजी, लातूर

उत्तर: आजी, तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, आपल्याकडं डबा अडवतात आणि तिथं चालतो. डिस्नी वर्ल्डमध्ये स्वतःचं खाणं आणि पाणी आत नेता येतं, काचेची भांडी-बाटल्या आणि दारू तेवढी नको, आणि डब्यासोबत सुटा बर्फ पण चालत नाही. म्हणजे मुलाच्या घरी केलेले धपाटे बिनधास्त घेऊन जा, मिस्टरांच्या वेळेला हाताशी राहतील. मात्र युनिव्हर्सल नावाच्या तिथल्या दुसऱ्या पार्कला पण जाणार असाल तर तिथं घरचं जेवण नेऊ देत नाहीत, थोडाफार सुका खाऊच चालतो.

पाणी विकत घेऊ नका. काउंटरवर जिथं कोल्ड्रिंक मिळतं तिथं थंड पाण्याचा कप मागितला की फुकट देतात, बर्फ नको असेल तर तसं आधीच सांगा नाहीतर कपात अर्धा बर्फच येतो.

हिशोबाचं म्हणाल तर मेनूवरचा आकडा हा बिलाचा आकडा नसतो. त्याच्यावर साडेसहा टक्के टॅक्स, आणि टेबलावर येऊन वाढणारं हॉटेल असेल तर 18 ते 20 टक्के टीप, म्हणजे 20 डॉलरची डिश हातात 25 ला पडते. काउंटरवरून स्वतः उचलून आणलं तर टीपचं काही नाही. नातवंडांचं वय पण बघा, तिथं उंची नाही वय चालतं, बुफेत तीन वर्षांखालचं फुकट, तीन ते नऊ लहान मुलांचा रेट आणि दहा पूर्ण झाले की मोठ्या माणसाचे पूर्ण पैसे, मग ते पोरगं दोनच घास खाऊ दे. आधीच पैसे भरायचा डायनिंग प्लॅन पण असतो, तुमच्यासारख्या कमी खाणाऱ्यांना तो घेऊ नका. एखाद्या दिवशी बाहेर बसून नीट जेवायचं असेल तर अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलात सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथं नान आणि सोबत तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या असं ताट मिळतं आणि बाहेर जिराफ फिरताना दिसतात. तेवढ्या एका जेवणाचं रुपयात करू नका, मुलाला देऊ द्या बिल.

प्रश्न: पार्कातल्या हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता, आम्ही निमूट भरला. – एक वाचक, बीड

उत्तर: पुढच्या वेळी काढायला सांगा. जुलै 2022 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं तो आपोआप लावता येत नाही आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं तेच नियम कायम ठेवले. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो, साधारण पाच टक्के. काढत नाही म्हणाले तर परत तेच, 1915.

जाता जाता हिंगोलीहून एकीनं विचारलंय की चतुर्थीला गेलो तर आत साबुदाणा खिचडी मिळेल का. अहो, तारीख बदला की.