वाचक विचारतात : आभाळात दिसलं ते काय होतं?

या वेळच्या पत्रांत उडत्या तबकड्यांनी उच्छाद मांडलाय. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून जन्म गेला, म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

२०२२च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी अंगणात होतो. आगीचे गोळे ओळीनं आडवे सरकत गेले. आईला हाक मारून बाहेर बोलावलं, तिनंही पाहिले. पेपरात रॉकेटचा तुकडा म्हणून आलं. पण रॉकेट इतकं हळू जातं का? आणि ते तर शेतापलीकडेच पडल्यासारखं वाटलं. (एक वाचक, ब्रह्मपुरी)

उत्तर तुमच्या आईनंच दिलंय. उल्का असती तर त्या उंबरा ओलांडायच्या आत संपली असती. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं हवेत घुसते आणि बहुतेकदा दोन-तीन सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरून खाली येणारा तुकडा मात्र सेकंदाला जेमतेम आठ किलोमीटरनं, जवळजवळ आडवा शिरतो, म्हणून बराच वेळ दिसत राहतो. तापून फुटला की हलके भाग मागे पडतात, जड पुढे जातात. तीच तुमची ओळ.

त्या रात्री सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं, व्यास सुमारे ३ मीटर. नंतर आसपास पोकळ गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास खाली येत होता, हे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच दाखवून दिलं. त्या टप्प्याचा व्यासही ३ मीटर. गोळे म्हणजे दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या. त्या मजबूत आणि आकाराच्या मानानं हलक्या असतात, उंचावरच वेग गमावतात, म्हणून पुरत्या जळत नाहीत.

आता ‘शेतापलीकडे’. असे तुकडे साधारण ६० ते ८० किलोमीटर उंचीवर पेटतात. ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू क्षितिजापासून दहा अंशांवर दिसत असेल, तर ती तुमच्यापासून जवळजवळ ४०० किलोमीटर लांब असते. पण अंधारातल्या उघड्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळत नाही. आमचं सगळं कामच या अडचणीशी होतं. वरचा वारा मोजायला रात्री हायड्रोजनचा फुगा सोडायचो, त्याच्या खाली दोरीला कागदी कंदील, आत मेणबत्ती. थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, तिला डोळा लावून दर मिनिटाला दोन कोन टिपायचे, एक दिशेचा, एक उंचीचा. या दोन कोनांवरून अंतर निघत नाही. फुगा ठरावीक वेगानं चढतो असं गृहीत धरून ते आम्ही काढायचो. तुमच्याकडे धरायला काहीच नसतं, मग मेंदू स्वतःच एक अंतर ठरवून टाकतो. अंतर चुकलं की आकार चुकला, वेगही चुकला.

(कंदील वाऱ्यावर गावाकडे गेला की सकाळी टपरीवर कुणीतरी चालता तारा पाहिल्याचं सांगायचंच. मी चहा पीत ऐकून घ्यायचो. गोष्ट रंगात आलेली असायची, कशाला मोडा!)

संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना पश्चिमेला एक प्रखर दिवा सोबत चालतो. मी थांबलो की थांबतो. कधी लालसर, कधी हिरवट. ड्रोन असेल का? (एक वाचक, मंगळवेढा)

शुक्र असणार. जवळची झाडं, खांब मागे पळतात, फार लांबचं जागचं हलत नाही, म्हणून सोबत आल्यासारखं वाटतं. क्षितिजाजवळ त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, रंग त्यामुळे नाचतात. उद्या त्याच वेळी, त्याच खांबाशी उभं राहून बघा. पुन्हा जवळपास तिथंच दिसला तर ड्रोन नव्हे.

आणि संकोच करू नका. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांनी अशा दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या होत्या. चिनी ड्रोन असल्याचा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्यावर निघाले गुरू आणि शुक्र. पहाऱ्यावरच्या माणसानं नोंद केली यात गैर काही नाही. नोंद होती म्हणूनच छडा लागला.

ताऱ्यांची माळ सरळ रेषेत गेली, आवाज नाही. (शाळकरी वाचक, सातारा)

स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. पहिले ६० मे २०१९मध्ये एकदम सोडले, तेव्हापासून जगभर अशी पत्रं येतात. सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस ते एकामागून एक जातात. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, त्यांच्यावर ऊन असतं.

अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेल्या चित्रफिती तर खुद्द पेंटागॉननंच दिल्या. एवढे तरबेज लोक फसतील का? (एक वाचक, पुणे)

फसतील की! तरबेज माणसालाही तेच दोन डोळे. एप्रिल २०२०मध्ये दिलेल्या तीन चित्रफितींतली ‘गो फास्ट’ घ्या. समुद्राला चाटून काहीतरी सुसाट जातंय असं दिसतं. नासाच्या समितीनं पडद्यावरच्याच आकड्यांवरून हिशेब केला, तो सप्टेंबर २०२३च्या अहवालात आहे. वस्तू होती सुमारे १३,००० फुटांवर आणि तिचा वेग तासाला साधारण ४० मैल, म्हणजे वाऱ्याइतका. सुसाट होतं ते विमान.

सगळीच प्रकरणं अशी सुटत नाहीत. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’मध्ये १९६९पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांतल्या ७०१ अनुत्तरित राहिल्या. माझ्या मते त्यांत परग्रहवासी कमी आणि अर्धवट टिपलेल्या वह्या जास्त असाव्यात. वेळ, दिशा, क्षितिजापासूनचे अंश, किती सेकंद दिसलं, एवढं नसेल तर मी काय, कुणीच काही सांगू शकत नाही. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, तेवढं पुरतं.

शेतात पांढऱ्या पातळ प्लॅस्टिकचा ढीग, छत्री आणि एक खोका पडलाय. उघडू का? (एक वाचक, देगलूर तालुका)

उघडू नका. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून संशोधनासाठी प्रचंड फुगे सोडते, ते ३० किलोमीटरच्याही वर जातात आणि खोका पॅराशूटनं खाली येतो. त्यावर फोन नंबर असतो. तो लावा, नाहीतर पोलीस पाटलांना सांगा, आणि संस्थेची माणसं येईपर्यंत गुरं तिकडं सोडू नका.