पांडा, फुलं दिसणारी सजावटीची सुशी घरी शिकता येते का, की क्लास लावावाच लागतो?

तुम्ही पुण्यात राहता, अंडं खाता पण मासे खात नाही, आणि सुरुवात थेट पांडापासून करायची म्हणता. तर घरी नक्की जमेल, फक्त पांडा थोडे दिवस बाजूला ठेवा.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे तोक्योशेजारच्या चिबा प्रांतात राहते, आणि या कलेचं माहेरच चिबा. हल्ली ‘काझारी माकी’, म्हणजे सजावटीचे रोल, या नावाने क्लास आणि व्हिडिओ निघालेत. पण इथल्या शेतकरी घरांतून लग्नकार्याला, सणाला, अगदी मयताच्या कार्यालाही ‘फुतोमाकी’, म्हणजे जाड रोलची सुशी, करायची पद्धत जुनी आहे. कापलं की आत गुलाब, कॅमेलिया, फुलपाखरू. जपानच्या कृषी मंत्रालयाने 2007 मध्ये गावोगावच्या पारंपरिक पदार्थांची निवडक यादी काढली, तिच्यात ही सुशी आहे. मीही ती इथल्या कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात, शेजारपाजारच्या आज्यांकडून शिकले. त्या कौतुक कमी करतात आणि वजनकाटा आधी पुढे सरकवतात.

खरी मेख या वजनकाट्यातच आहे. हे काम चित्रकलेपेक्षा मोजमापाचं जास्त. नोरीचं, म्हणजे सुशी गुंडाळायच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं, अख्खं पान साधारण 21 बाय 19 सेंटिमीटर. ते अर्धं कापून वापरलं की दहा-साडेदहा सेंटिमीटर लांबीचा रोल होतो आणि त्यातून दोन सेंटिमीटरच्या पाचेक चकत्या निघतात. प्रत्येक चकतीत तेच चित्र हवं, म्हणजे भात या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पसरलेला हवा. म्हणून इथे ‘मूठभर भात घ्या’ असं कोणी म्हणत नाही. या पट्टीवर 40 ग्रॅम, त्या पट्टीवर 60, असा हिशोब आधी कागदावर मांडून ठेवतात. डिजिटल काटा नसेल तर रोल वळायच्या बांबूच्या चटईआधी तो घ्या.

तांदूळ सरावापुरता इंद्रायणी घ्या. चांगला चिकटतो, आणि चुकला तरी जीव हळहळत नाही. कोलम-बासमतीच्या वाटेला जाऊ नका. 300 ग्रॅम तांदळाच्या गरम भाताला 50-60 मिली व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. तांदळाचं व्हिनेगर सौम्य असतं. आपल्याकडचं साधं पांढरं व्हिनेगर वापरणार असाल तर थोडं पाणी घालून त्याचा झणका कमी करा. भात घोटायचा नाही, उलथन्याने कापल्यासारखा हलवायचा, आणि हाताला जेमतेम कोमट लागेल इतका निवला की कामाला बसायचं.

पहिला रोल ‘शिकाई माकी’ करा. शिकाई म्हणजे चार समुद्र. दिसायला भारी, पण आत सगळी भूमिती. गुलाबी भाताचा बोटापेक्षा थोडा जाड रोल नोरीत वळा. दुसऱ्या नोरीवर पांढरा भात पसरून, मधे तो रोल ठेवून पुन्हा वळा. आता याचे उभे चार भाग करा. काकडीच्या फोडी करतो तसे, लांबीच्या दिशेने. प्रत्येक तुकड्याला दोन सपाट बाजू आणि एक गोलाई मिळते. मग चारही तुकडे उलटे फिरवायचे: गोलाई आत, काटकोन बाहेर. मधल्या पोकळीत अंड्याच्या जाड ऑम्लेटची चौकोनी कांडी बसवायची आणि सगळ्याला बाहेरून नोरी गुंडाळून चटईने चौकोनी दाबायचं. बाहेरची नोरी एका पानात पुरत नाही, पट्टी जोडावी लागते, आणि ती भाताची दोन-चार शितं चुरडून चिकटवायची. इथेही हाच गोंद! कापलं की पिवळ्या चौकोनाच्या चारही बाजूंनी लाटा दिसतात.

कापण्याआधी पाचेक मिनिटं थांबा, नोरीला जरा ओल लागू द्या. सुरी ओल्या फडक्याने प्रत्येक कापाला पुसायची, आणि वरून दाबायचं नाही, करवतीसारखी मागेपुढे न्यायची. सुरी एकदा चिकट झाली की पुढच्या चकतीत समुद्राचं डबकं होतं.

पांडाची अडचण वेगळी आहे. डोळे, नाक, कान म्हणजे नोरीत वळलेल्या बारीक कांड्या, आणि चेहरा बहुतेक वेळा डोकं खाली धरून रचतात. डोळ्यांच्या मधोमध भाताचा बांध घालायचा असतो. तो पाच ग्रॅम कमी पडला तरी गुंडाळताना दोन्ही डोळे एकमेकांकडे सरकतात आणि पांडा चकणा होतो. चेहरा दोन मिलिमीटर चुकला की माणसाच्या डोळ्याला लगेच खटकतो, फुलात तेवढं खपून जातं. म्हणून आधी शिकाई, मग फूल, मग प्राणी.

आता तुमच्या खाण्याचं. पाककृतींत गुलाबी रंगाला ‘साकुरा देन्बू’ लिहिलेलं असतं. दिसतं साखरेच्या भुग्यासारखं, पण बहुधा कॉड माशाचं असतं. त्याऐवजी किसलेलं बीट व्हिनेगरमध्येच थोडा वेळ बुडवून गाळून घ्या आणि तेच व्हिनेगर भाताला लावा. बीटाचा रस वरून ओतला तर भात गिचका होतो. जांभळ्यासाठी लाल शिसो या जपानी सुगंधी पाल्याची खारट भुकटी, काळ्यासाठी काळे तीळ वाटून, पिवळ्यासाठी अंडं. हळद चिमटीपेक्षा जास्त नको, नाहीतर सगळा रोल फोडणीच्या भातासारखा लागेल. काम्प्यो मिळालं तर जरूर घ्या. तपकिरी, गोडसर शिजवलेल्या पट्ट्या असतात, आणि मूळ फळ म्हणजे आपल्या दुधीचंच भावंड. पण तयार शिजवलेल्या पाकिटात बरेचदा दाशी, म्हणजे माशाचं सार, असतं. तयार सुशी व्हिनेगरचंही लेबल वाचा. कोरडं काम्प्यो आणून सोया सॉस-साखरेत घरी शिजवलेलं बरं.

क्लासचं म्हणाल तर पहिल्या दोन-तीन रोलना गरज नाही. पुढे गुलाब करायला घ्याल, त्यात अंड्याची पातळ पोळी, गुलाबी भात आणि आल्याचं लोणचं एकत्र सैलसर वळायचं असतं, तेव्हा कोणाचा तरी हात बघितला तर फरक पडतो. किती सैल ते ग्रॅममध्ये सांगता येत नाही. व्हिडिओ बघणार असाल तर वरून शूट केलेला नको, रोलच्या टोकाकडून दाखवणारा शोधा. सगळी रचना तिथूनच कळते.

आणि केलेली सुशी फ्रिजमध्ये ठेवू नका, भात खडखडीत होतो. ओलं फडकं झाकून ठेवा, त्याच दिवशी संपवा. पावसाळ्यात नोरी मऊ पडली असेल तर गॅसच्या मंद आचेवर लांबूनच एकदा फिरवून घ्या.