गुपचूप सटकू नका

तुमची मुलगी अडीच वर्षांची, महिनाभरात प्लेग्रुप सुरू होणार, आणि तुम्ही नुसत्या बाथरूममध्ये गेलात तरी ती दाराशी रडत बसते. तिची तयारी कशी करून घ्यायची आणि पहिल्या दिवशी तिचं लक्ष नसताना निघून आलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: अजिबात नको.

मोठ्याच्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं. तो ठोकळ्यांत रमला, बाईंनी खूण केली, मी सटकले. तो म्हणे दहाच मिनिटं रडला, म्हणून मी खूश. पण पुढचा महिनाभर घरात मी खुर्चीतून उठले तरी खेळ टाकून मागे यायचा. त्याच्या लेखी हिशेब सरळ होता: खेळात डोकं घातलं की आई गायब होते.

धाकटीला सांगून निघाले. "मी आता जाते. डबा खाऊन झाला, गाणी म्हणून झाली की मी दारात असेन." एक पापा, एक टाटा, आणि बाहेर. पहिल्या दिवशी तिनं चांगलं भोकाड पसरलं, मीही जिन्यात डोळे पुसले, पण परत आत गेले नाही. एकदा वळलात की अजून थोडं रडलं तर आई येते, हे मूल लगेच ताडतं. "बारा वाजता येईन" म्हणून उपयोग नाही, या वयात घड्याळ नसतं. कशानंतर काय होतं तेवढं कळतं. आणि न्यायला पहिले पंधरा दिवस पाच मिनिटं आधीच जा. बाकीची मुलं निघून गेली आणि आपलंच कोणी आलं नाही, असं एकदा जरी झालं तरी सगळं मुसळ केरात.

ही सवय घरीच, आत्तापासून लावता येते. आजी, मावशी, बाबा, जे कोणी असेल त्यांच्याजवळ तिला ठेवून दहा मिनिटं बाहेर जा. सांगून जा, सांगितल्याप्रमाणे परत या. मग अर्धा तास, मग दोन तास. लपाछपीही भरपूर खेळा. दिसेनासं झालेलं माणूस परत येतं, याचीच ती तालीम आहे. "लाडावून ठेवलंय म्हणून चिकटते" असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. आईपासून लांब व्हायची ही भीती आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमाराला सुरू होते आणि बहुतेक मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरत जाते. तुमची लेक वयाप्रमाणेच वागतेय.

सुरुवातीचे दिवस पालकांना वर्गात बसू देतात का, हे शाळेला जरूर विचारा. जर्मनीत 'बर्लिन मॉडेल' म्हणून रूढ पद्धत आहे: पहिले तीन दिवस पालक सोबतच, आणि चौथ्या दिवशी प्रथमच थोडा वेळ बाहेर. सगळीकडे एवढी सवड देत नाहीत, पण एक-दोन दिवस मागून तर बघा.

अक्षरं, आकडे, रंग यांच्या मागे लागू नका. त्यापेक्षा स्वतःचा डबा उघडता येणं, चपला घालता येणं आणि शू लागली हे सांगता येणं लाख मोलाचं. चड्डी-पँट इलॅस्टिकची घ्या, बटणं-बक्कल नको. तुमच्या घरात शू-शीला, पाण्याला जे काही खास शब्द असतील ते बाईंना लिहूनच द्या. आमची धाकटी पाण्याला "मम्मू" म्हणायची, दोन दिवस बाईंना वाटलं आईची आठवण काढतेय! ती इतरांत मिसळेल का, ही चिंता आत्ता करू नका. लहान मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच नोंदवून ठेवलंय की लहान मुलं एकमेकांशी खेळण्याआधी बराच काळ एकमेकांशेजारी खेळतात.

झोपेची वेळ मात्र दोन आठवडे आधीपासून रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. दुपारची धरून अकरा-बारा तास झोप झाली नसेल तर सकाळी कोणतीच युक्ती चालत नाही.

पहिला आठवडा हसत गेली म्हणून गाफील राहू नका. नवलाई संपली की दुसऱ्या आठवड्यात, किंवा सर्दी-तापाच्या सुट्टीनंतर, पुन्हा रडारड होते. तेव्हाही निरोप तोच, तितकाच छोटा. न्यायला गेल्यावर तुम्हाला बघताच रडली तर दिवस वाईट गेला असं लगेच समजू नका. बाई म्हणत असतील "मजेत होती", तर सकाळभर आवरून धरलेलं ती तुमच्यापाशी सोडतेय. लगेच "काय काय केलं?" नको. कडेवर घ्या, पाणी द्या.

आणि तिचं एखादं लाडकं दुपटं किंवा बाहुली असेल तर बाईंना विचारून पिशवीत टाका. कितीही मळलेली असली तरी आदल्या रात्री धुऊ नका, घरचा वास जातो.