उत्तर: निळा स्क्रीन आला म्हणून लगेच फॉरमॅट मारू देऊ नका

तुम्ही विचारलंय: घणसोलीला राहता, पाऊस लागल्यापासून लॅपटॉप मधेच निळा होऊन रीस्टार्ट होतो, स्क्रीनवर ‘मेमरी मॅनेजमेंट’ दिसतं आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘फॉरमॅट मारून देतो’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतो. अगदी हेच मी ठाण्यात ऐकलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. लॅपटॉप अजून दिला नसेल तर देऊ नका.

रीस्टार्ट, अपडेट, व्हायरस स्कॅन हे तुम्ही केलं असणारच, ते सोडतो.

माझ्या वेळी काउंटरवरच्याने स्क्रीनचा फोटो बघायचीही तसदी घेतली नाही. जॉबशीटवर ‘ओएस प्रॉब्लेम’ (म्हणजे दोष विंडोजचा) लिहिलं आणि सही घेतली. त्या कागदावर बारीक अक्षरांत ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची’ असतंच. मी सोसायटीचा खजिनदार. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, हिशेब सगळे त्याच मशीनवर. डेटा ठेवा असं तोंडी सांगितलं होतं, त्यावर ‘हो सर’ही ऐकलं होतं. परत मिळाला तो कोरा करकरीत लॅपटॉप! घरी आणल्यावर निळा स्क्रीन पुन्हा हजर. मग म्हणे मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेलाय, आणि अंदाजपत्रक नव्या लॅपटॉपच्या जवळपास निम्मं. शेवटी स्टेशनजवळच्या गल्लीतल्या एका रिपेअरवाल्याने दोनपैकी एक रॅम (मेमरीची पट्टी) काढून ठेवली आणि मशीन सुरळीत चालू लागलं. रॅम खराब असताना विंडोज नव्याने टाकणं म्हणजे गळक्या छताखाली नवी फरशी बसवणं. शिवाय निळा स्क्रीन आला की विंडोज त्याची नोंद ठेवतं, त्या मिनीडंपच्या फाइली फॉरमॅटमध्ये गेल्या, म्हणजे पुरावाही गेला.

त्या फाइली सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘मिनीडंप’ नावाने असतात. आधी त्या पेनड्राइव्हवर घ्या. ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर त्या उघडून दाखवतं. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं (एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) नाव आलं तर संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. दर वेळी वेगळंच काहीतरी आलं तर बहुधा रॅम.

त्याहून महत्त्वाची बिटलॉकरची की. बिटलॉकर म्हणजे डेटाला कुलूप घालणारी विंडोजमधली सोय. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा हे कुलूप (एन्क्रिप्शन) आपोआप चालू होतं, आपल्याला पत्ताही नसतो. उद्या खरंच बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये) कोणी हात घातला, तर ४८ आकडी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा विसरा. ती त्याच अकाउंटमध्ये सापडते. कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका (करणारे भेटलेत). १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये (कमीत कमी गोष्टींवर विंडोज चालू करून) जाऊन एक फाइल उडवायची. फॉरमॅटची गरजच नव्हती. पण तिथेही बिटलॉकरच्या कीपायी कित्येकांचं काम अडलं.

यानंतर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी रॅम नापास. दोन रॅम असतील तर एकेक लावून तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या पट्ट्यांवर थर चढतो, खोडरबराने हलकेच पुसून कधी कधी काम भागतं. मात्र आधी चार्जर काढा, बॅटरीची पिन काढा, आणि वॉरंटी असेल तर लॅपटॉप उघडूच नका. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा उपाय नाही.

मी हार्डवेअरवाला नाही, पोळलेला ग्राहक आहे. तुमचा दोष निराळाही असू शकतो. आणि सेंटरला द्यावाच लागला, तर ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे जॉबशीटवर त्यांच्याच हातून लिहून घ्या आणि तिचा फोटो काढा. ते का-कू करायला लागले तर लॅपटॉप उचलून सरळ बाहेर पडा.

मॉडेल कोणतं ते सांगा, आणि मिनीडंपमध्ये काय निघतं तेही टाका.