स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे हृदय, रक्तदाब, पचन आपोआप सांभाळणारं चेतांचं (नसांचं) जाळं, अवयवांवर ताबा कसा ठेवते? मन घट्ट केलं तर ती आपलं ऐकते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून आमच्या घरात तीन वर्षं भांडण चाललंय. नाही ऐकत. मन घट्ट करून रक्तदाब सावरता आला असता तर माझे बाबा पर्वतीवर पडले नसते.

बाबा ७१ वर्षांचे, डायबेटिस वीस वर्षांचा. आम्ही सहकारनगरात राहतो, त्यामुळे पर्वतीच्या १०३ पायऱ्या हा त्यांचा रोजचा नेम. त्या दिवशी वर पोचले, कट्ट्यावर टेकले, मंडळींशी गप्पा झाल्या आणि घरी निघायला म्हणून उठले, ते दोन पावलांत आडवे. कपाळाला चार टाके पडले.

त्याआधी सहा महिने घरातही हेच चाललं होतं. जेवून उठले की भिंत धरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका डॉक्टरांनी खुर्चीत बसवून बीपी पाहिलं, १५० भरलं, गोळी वाढवली. लघवीला अडतं म्हणून दुसऱ्यांनी प्रोस्टेटची गोळी सुरू केली. अंधारी वाढतच गेली. ईसीजी चांगला, रक्ताचे रिपोर्ट चांगले, मग निदान काय, तर टेन्शन. दादाने तेच उचलून धरलं. तो प्राणायामाचे वर्ग घेतो. "बाबा घाबरट झालेत, मन खंबीर ठेवलं की सगळं जागेवर येईल," हे त्याने बाबांच्या तोंडावर सांगितलं. चाळीस वर्षं सायकलवर कारखान्यात गेलेल्या माणसाला.

पडल्यानंतर ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी बाबांना आधी आडवं झोपवलं. बीपी १५२/८४, नाडी ९६. मग उभं केलं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजलं. बीपी १०४/६०, नाडी ९८. वरचा आकडा २० ने उतरला तरी तो दोष धरतात, इथे ४८ ने उतरला होता. पण त्यांनी बोट ठेवलं ते नाडीवर. "बीपी एवढं पडल्यावर हिने धावायला हवं होतं," म्हणाल्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या धमनीच्या भिंतीत ताण जोखणाऱ्या चेता असतात, त्या लगेच लंबमज्जेला, म्हणजे मेंदूच्या बुडाच्या भागाला, वर्दी देतात. तिथून दोन कामं एकदम होतात. मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस चेता हृदयावरचा ब्रेक सैल सोडते आणि अनुकंपी चेता रक्तवाहिन्या आवळून रक्त वर ढकलतात. काही सेकंदांत दाब पूर्ववत होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हृदयाची स्वतःची चाल मिनिटाला १०० च्या आसपास असते, ती सत्तरीवर धरून ठेवते ती व्हेगस. म्हणून दुसऱ्याचं हृदय बसवलेल्या माणसाची नाडी, चेता तुटलेल्या असल्यामुळे, बसल्या जागीही जोरात चालते. बाबांची झोपून ९६ होती ती घाबरून नव्हे. वीस वर्षांच्या साखरेने ब्रेकची तारच कुरतडली होती आणि आवळणाऱ्या तारांचंही तेच झालं होतं.

अनुकंपी म्हणजे लढा-पळा आणि परानुकंपी (व्हेगस यातलीच) म्हणजे जेवा-झोपा, हे शाळेत सगळ्यांचं झालेलं असतं. पण प्रत्येक अवयवासाठी काही वेगळ्या प्रकारचा संदेश नसतो. मूत्राशयाचं तोंड अनुकंपी चेता आवळून धरतात, त्याच प्रकारच्या संदेशाने रक्तवाहिन्याही आवळतात. प्रोस्टेटची ती गोळी खालची वाट सैल करते आणि थोड्याफार रक्तवाहिन्याही सैल सोडते. बाबांच्या बाबतीत दोन्ही गोळ्या मिळून उरलासुरला आधार काढून घेत होत्या. जेवणानंतरचीही तीच गत, रक्त आतड्यांकडे जातं आणि त्याची भरपाई होत नाही.

दादाचा शेवटचा मुद्दा असा की योगी हृदय थांबवतात. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतात असा दावा करणाऱ्यांना ईसीजीला जोडून पाहिलं, तो अभ्यास १९६१ साली छापून आला. मनगटावर नाडी लागेना, पण हृदय चालूच होतं. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, म्हणून नाडी हाताला लागत नाही. म्हणजे ताबा स्नायूंवर होता, हृदयावर नव्हे.

श्वासाचं मात्र वेगळं आहे आणि हे मला मान्य करायलाच हवं. तो आपोआप चालतो आणि आपल्या हातातही असतो. सावकाश श्वास सोडताना व्हेगसमुळे नाडी मंदावते, तेव्हा दादाच्या वर्गातल्या लोकांना बरं वाटतं ते खरंच आहे. पण त्यासाठी व्हेगस शाबूत लागते. बाबांची हीच तपासणी झाली. मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावून ईसीजी काढला. श्वास घेताना आणि सोडताना नाडीत मिनिटाला १० ठोक्यांच्या खाली फरक आला तर बिघाड समजतात. बाबांचा आला ३.

आता गोळ्या बदलल्यात, पलंगाची उशाकडची बाजू विटांवर उचललीये, उठण्याआधी दोन पेले पाणी पितात आणि पलंगाच्या काठावर बसून पावलं हलवतात. हे सगळं डॉक्टरांना विचारून, मी डॉक्टर नाही; काहींना जास्त पाणी चालत नाही. तुमच्या घरी कुणाला जुना डायबेटिस असेल तर बीपी झोपून आणि उभं राहून, दोन्ही मोजून घ्या. आणि साखर उतरल्यावर त्यांना थरथर, घाम होतो का ते विचारा. होत नसेल तर डॉक्टरांना तातडीने सांगा, कारण तोही निरोप याच तारांवरून येतो.

दादा, तू हे वाचशील. तो ईसीजीचा कागद बाबांनी तुझ्यासाठी कपाटात जपून ठेवलाय. दुपारी चारनंतर ते घरीच असतात.